तिसऱ्या दिवसाची गौर

गौरी आवाहनाच्या पहाटे दादर पश्चिमेला फुलबाजाराच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. झेंडूचे ढीग, शेवंतीच्या पाट्या, केवड्याची कणसं, आघाड्याच्या जुड्या, हळदीची पानं आणि या सगळ्यांच्या मधून गुलाबी-जांभळा तेरडा. विकणाऱ्या बाया थोड्या थोड्या वेळाने बादलीत हात बुडवून तेरड्यावर पाण्याचे हबके मारत असतात. पाणी पडलं की फूल चकाकतं, गिऱ्हाईक थांबतं. त्या ओळीत एक बाई मात्र पाणी मारत नव्हती. तिच्या जुड्या सागाच्या पानांत गुंडाळून ओल्या गोणपाटाखाली आडव्या निजवलेल्या होत्या. नमुन्याला एकच जुडी बाहेर. गिऱ्हाईक म्हणे, उघडून दाखव. ती म्हणे, "घरी जाऊन सोड. हितं सोडली तर सांजच्याला मान टाकंल."

निम्मी गिऱ्हाइकं पुढे जात होती. शेजारणीचा माल भराभर उठत होता. मी तिला विचारलं, मावशी, एक-दोन जास्त सोडून ठेवल्या तर विकल्या नाही जाणार? तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "पैल्या दिवशी कुठलीबी गौर ब्येस दिसतं, ताई. तिसऱ्या दिवशी बघाय जा."

या वाक्यापोटी मी पुढच्या भाद्रपदात तिच्या वाडीवर गेले.

गौरी आपल्याकडे घराघरांत वेगळ्या. कुणाकडे मुखवट्यांच्या उभ्या, कुणाकडे पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांच्या, कुणाकडे सुगडांच्या. कोकणात, आगरी-कोळी वस्त्यांत, घाटावर कोल्हापूरकडे आणि मुंबईच्या चाळींत तेरड्याची गौर बसते. इथे पानाफुलांची जुडी ही देवीपुढची आरास नसते, तीच देवी असते. तिला कळशीत किंवा तांब्यात उभी करायची, साडी नेसवायची, दागिने घालायचे. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. म्हणजे तीन दिवस. आणि निवडलेलं झाड कोणतं, तर ज्याचा रंगच तीन दिवसांचा म्हणून आपण म्हण केली आहे ते. पाण्याने भरलेल्या खोडाचं, अंगात लाकूड नसलेलं, उपटल्यावर तासाभरात लोळणारं. त्याला तीन दिवस उभं ठेवणं हे कसब आहे, आणि ते ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे आपण आजवर कारागीर म्हणून पाहिलेलं नाही.

कर्जतच्या पुढे डोंगराखाली मावशीची ठाकरवाडी आहे. आवाहनाच्या आदल्या दुपारी ऊन कलल्यावर बाया निघाल्या. पाऊस नुकताच थांबला होता. बांधावर, ओढ्याच्या काठाने, कातळाच्या कडेला साचलेल्या मातीत तेरडाच तेरडा. इंपेशन्स बाल्समिना हे त्याचं शास्त्रीय नाव. पहिल्या पावसावर उगवतो, श्रावणात फुलतो आणि पाऊस सरला की बी टाकून संपतो. सगळा जन्म एका पावसाळ्याचा. सह्याद्रीत त्याची भावंडं पुष्कळ आहेत, त्यांतला एक पिवळा आहे, एक ओल्या कातळाला चिकटून वाढणारा चिमुकला आहे. पण गौरीला मान याचाच.

मला वाटलं होतं, दिसेल ते उपटत जायचं. मावशी पंचवीस रोपं ओलांडून एकाशी थांबायची. वाकून खोडाच्या खालच्या फुगीर पेरावर अंगठा ठेवायची, दाबायची, आणि मग एक तर उपटायची, नाही तर पुढे जायची. चेहऱ्यावर काही नाही. त्या दुपारी मी खूप काही पाहिलं, पण डोळ्यांसमोर अजून येतो तो तिचा अंगठा. नख काळं पडलेलं, टोकाला चीर, आणि खोडावर टेकला की क्षणभर थांबणारा. काय बघता, म्हणून विचारलं तर म्हणाली, "कवळ्या काकडीवानी कर्र लागलं पायजे. मऊ लागलं तर त्यो रस्त्यानंच मरंल." माझा अंगठा तिने एका पेरावर ठेवला, मग दुसऱ्यावर. मला दोन्ही सारखीच लागली. तिसऱ्या-चौथ्यानंतर फरक थोडा थोडा कळायला लागला.

रस्त्याच्या कडेचा उंच, डौलदार तेरडा तिने घेतला नाही. सावलीत, सुपीक मातीत वाढलेला तो लांबट असतो, पेरं लांब लांब, खोड नुसतं पाणी. तिला हवा तो बांधावरचा, उन्हात वाढलेला, वीतभर आखूड, पेरं जवळ जवळ आणि तांबूस. फुलंही तिने मोजकी उघडलेली घेतली. शेंड्याला कळ्या किती आहेत हे ती आधी पाही. बाजारात याच्या उलट चालतं: जितकी फुलं उघडी तितका भाव.

ओल्या मातीतून तेरडा मुळासकट अलगद येतो. मुळांचा चिखल ओढ्यावर थोडासाच धुतला, सगळा नाही. आठ-दहा रोपांची जुडी, बुडाला ओल्या शेवाळाचा गोळा, त्यावर सागाचं पान, केळीच्या सोपटाने बांध. जुडी बांधताना खोडं चेचली गेली की एक वास येतो. फुलाला स्वतःला वास जवळजवळ नाहीच. हा वास मोडलेल्या हिरव्या खोडाचा, थोडा आंबट, थोडा मातीचा. संध्याकाळपर्यंत तो हातांना, पदराला, ओसरीला सगळीकडे लागला होता. मावशीला तो आवडत नाही. वास आला म्हणजे खोड दुखावलं, असं तिचं गणित. तिच्या स्वतःच्या जुड्यांना तो सगळ्यात कमी येत होता.

प्रत्येक ताटव्यातली एक-दोन रोपं ती तशीच सोडत होती. विचारलं तर "बियाला" एवढंच म्हणाली.

हे सगळं ती का करते, याची उत्तरं वनस्पतिशास्त्रात शोधली तर सापडतात. झाड पाणी वर चढवतं ते ढकलून नाही, ओढून. पानांतून वाफ जाते आणि तिच्या ओढीने खोडाच्या नळ्यांतला पाण्याचा अखंड धागा वर सरकत राहतो. डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी १८९४ साली ही कल्पना मांडली. धागा अखंड असेतो झाड ताठ. हवेत खोड कापलं की नळीत हवेचा बुडबुडा शिरतो, धागा तुटतो, आणि मग भांडंभर पाणी समोर असूनही पानाला ते मिळत नाही. मुळासकट उपटलेल्या रोपाचा हा धागा बराच टिकतो. सागाच्या पानाच्या अंधाऱ्या, ओल्या गुंडाळीत पानांची सूक्ष्म छिद्रं मिटतात आणि वाफ कमी जाते. फुलांवर पाणी मारल्याने झाडाची तहान भागत नाही. दाबून ठेवलेल्या ओल्या पाकळ्या मात्र एकमेकींना चिकटून डागाळतात. मावशीच्या भाषेत, "झाड खालनं पितं. वरनं न्हाऊ घालून काय व्हतंय?"

शाळेत लाल शाईच्या पाण्यात रोप ठेवून रंग वर चढताना पाहण्याचा प्रयोग अनेकांना आठवत असेल. त्यासाठी तेरडाच घेतात, कारण त्याच्या अर्धपारदर्शक खोडातून तांबड्या रेषा बाहेरून दिसतात. ज्या झाडात पाणी चढताना दिसतं, ते पाणी कमी पडलं की लगेच दिसणारच.

रात्री ओसरीवर जुड्या मोजल्या. शंभर आणि वर काही. मावशी सहज बोलून गेली, "शंभरात वीस जात्यात." म्हणजे काय? म्हणजे दर शंभर जुड्यांमागे वीस दादरला पोचेपर्यंत मरतात. लोकलच्या मालडब्यात दाबल्या जातात, कुणाच्या पाटीखाली येतात, उकाड्याने शिजतात. आणि इतर बायांच्या? "त्यांच्या चाळीस जात्यात. पन बसल्यावर पानी मारलं की त्याबी उभ्या र्‍हात्यात दोन तास. तवर इकल्या जात्यात." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र ते दोन तास खटकले. गिऱ्हाइकाच्या घरी दुपारी माना टाकणारी गौर ही त्या दोन तासांची करणी असते, आणि बदनाम होतो तेरडा.

पहाटेची लोकल, डोक्यावर भारे, दादरचा पूल. त्यात सांगण्यासारखं एवढंच की दोन तासांच्या त्या प्रवासात मावशी बसली नाही. भाऱ्याला टेकून उभी राहिली, कुणाचा पाय लागू नये म्हणून.

जुडी तीस रुपयांना. गिऱ्हाइकं वीसला मागत होती. एक बाई आली ती मात्र भाव न करता पाच जुड्या घेऊन निघाली. परळच्या एका चाळीतल्या आजींची ती सून. आजी मूळच्या गुहागरकडच्या, वय सत्तरीच्या पलीकडे, गुडघ्यांमुळे दादरला येणं थांबलेलं. मजल्यावरच्या चार-पाच घरांच्या गौरी त्यांच्याच हातच्या. मावशी आणि आजी एकमेकींना बोलून फारशा ओळखत नाहीत. दर वर्षी सून निरोप आणते: गेल्या खेपेची तिसऱ्या दिवशी उभी होती. मावशी मान हलवते आणि गोणपाटाच्या अगदी तळच्या जुड्या काढून देते. मी सुनेबरोबर चाळीत गेले.

आजींनी जुड्या पाहिल्या, सोपट सोडलं नाही. मोरीत अंधाऱ्या कोपऱ्यात बादली होती, तीत जुड्या तशाच गुंडाळलेल्या उभ्या केल्या आणि वर ओलं फडकं टाकलं. "पिऊ दे गो तिला आधी. प्रवास करून आलीय." दोन तास कुणी हात लावायचा नाही. तोवर त्यांनी बाकीची तयारी केली: आघाडा, कुर्डू, हळदीची पानं, गावाहून कुणीतरी पाठवलेली कळलावीची चार फुलं. कळलावी त्यांनी वेगळ्या ताटलीत, उंच फळीवर ठेवली. ती विषारी आहे, तिचा कंद तर फारच, आणि घरात नातवंडं होती.

दोन तासांनी परात भरून पाणी आलं. खोडं पाण्याखाली धरून आजींनी मुळं धारदार सुरीने तिरकी कापली. कापलेलं टोक पाण्याबाहेर क्षणभरही आलं नाही. हवेचा बुडबुडा आत शिरू नये म्हणून जगभरचे फुलवाले हेच करतात. आजींना ते त्यांच्या सासूने शिकवलं होतं, कारण न सांगता. मग खालची सगळी पानं खुडली. पान पाण्यात बुडालं की कुजतं, पाण्यात जिवाणू वाढतात आणि खोडाच्या नळ्या बुजवतात.

कळशी तांब्याची. आतून चिंचेने घासून लखलखीत केलेली. तांबं पाण्यात जिवाणू वाढू देत नाही, त्यामुळे या कामाला ती स्टीलपेक्षा चांगली. कळशीच्या तळाला मूठभर धुतलेले नदीचे खडे. त्यांनी बुड जड होतं आणि आत गेलेल्या खोडांना धरायला काहीतरी मिळतं. पाणी चार बोटं, जास्त नाही.

इथून पुढचा तास मी भिंतीला टेकून जमिनीवर बसून होते, आणि तो तास मला कुणाला तरी दाखवता यायला हवा होता असं सारखं वाटत होतं.

आधी आघाडा. त्याचं खोड चौकोनी, चिवट. पाच-सहा काड्या कळशीच्या तोंडाशी एकमेकींना अडकवून त्यांनी आत एक जाळं तयार केलं. मध्ये बांबूची एक कामटी, तिच्यावर पुढे मुखवटा बांधायचा. मग कुर्डू, ज्याचे गुलाबी-पांढरे तुरे सुकले तरी तसेच दिसतात. या दोघांचा सांगाडा झाल्यावर त्याच्या फटींत तेरडा, एकेक काडी. तेरड्याला त्यांनी कुठेही भार घेऊ दिला नाही. पुढे नेसवलेली साडी कामटीवर, मंगळसूत्र आणि बोरमाळ आघाड्यावर. तेरडा फक्त उभा.

आणि प्रत्येक काडी आत जाण्याआधी आजीही खोडाचं पेर दाबून पाहत होत्या. तोच अंगठा, तेच क्षणभराचं थांबणं. दोन काड्या त्यांनी बाजूला टाकल्या. मावशीच्या हातातून सुटलेल्या दोनच.

मी विचारलं, एवढी छान उघडलेली फुलं तुम्ही आत का ढकलता? बाहेर तर नुसत्या कळ्या दिसतात. पहिल्या दिवशी लोक येणार, फोटो काढणार. आजी म्हणाल्या, "आजची फुलं परवा गळतात. बाहेरची गळली की खड्डा दिसतो. आतली गळली तर कोणाला कळतं? ह्या कळ्या परवाच्या. परवा लेकीबाळी निरोप द्यायला येतात. तेव्हा ती भरलेली दिसाय नको?"

मला या कामातलं सगळ्यात मोठं वाटलं ते हे. आजी त्या क्षणी समोर दिसणारी गौर मांडत नव्हत्या, तिसऱ्या दिवशीची मांडत होत्या. कुठली कळी कधी उमलेल, कुठलं फूल कधी गळेल, गळून कुठे पडेल, त्याजागी काय पुढे येईल, हे सगळं डोक्यात ठेवून. डावीकडे त्यांनी मुद्दाम विरळ ठेवलं होतं. त्या बाजूला खिडकी; उजेडाकडे शेंडे वळणार आणि ती जागा आपोआप भरणार.

जपानमध्ये देवापुढे फुलं ठेवण्याच्या रीतीतून इकेबाना उभी राहिली. क्योतोच्या रोक्काकुदो मंदिरातल्या इकेनोबो सेनकेई या भिक्षूच्या पुष्परचनेची नोंद १४६२ सालची आहे. कळी म्हणजे येणारा काळ, पूर्ण उमललेलं फूल म्हणजे सरत आलेला, अशा विचाराने तिथे फांद्या निवडतात. तिच्या शाळा आहेत, पदव्या आहेत, मुंबई-पुण्यातही वर्ग चालतात, आणि ते योग्यच आहे. पण परळच्या त्या खोलीत काळाचं तेच भान, देवापुढचंच, एक सत्तरीपुढची बाई मांडी घालता येत नाही म्हणून पाटावर तिरपी बसून वापरत होती, आणि घरातल्यांच्या लेखी ती "गौर बांधत" होती, जसं कुणी भाजी निवडतं. आपल्या फुलशेतीच्या, पुष्परचनेच्या पुस्तकांत जरबेरा कसा ठेवावा हे सापडतं. कळशीतला तेरडा मला कुठे सापडलेला नाही.

कळशीच्या तोंडाभोवती हळदीच्या पानांची कड आली. तिने आतलं जाळं झाकलं गेलं आणि घरभर तो ओळखीचा वास सुटला. शेवटी कळलावी, उंच, मागे, कुणाचा हात पोचणार नाही अशी. मुखवटा कागदावर छापलेला, कामटीला बांधलेला. हिरवी साडी. आजींनी कळशी दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिली. डुलली नाही. मग उंबऱ्यावर नेऊन सुनेच्या हातात दिली, कारण आणायची ती सुनेने. पायांवर दूध-पाणी, हळदी-कुंकवाची पावलं, ताटवाटीचा गजर, घरभर फिरवून गौर जागेवर बसली. संध्याकाळी भाजी-भाकरीचा नैवेद्य.

पाच फळांचं सूप आजींनी गौरीच्या अगदी पायाशी न ठेवता हातभर लांब ठेवलं, आणि उदबत्तीही तशीच. फुलं लवकर झडतात, एवढंच त्यांचं निरीक्षण. पिकलेली केळी आणि जळणारी उदबत्ती दोन्हींतून इथिलीन वायू सुटतो, आणि तेरड्याच्या कुळातली फुलं त्याला फार हळवी असतात. आजींनी इथिलीनचं नाव ऐकलेलं नाही. त्यांनी केळी हलवली.

शेजारच्या खोलीत फायबरच्या उभ्या गौरी होत्या, मागे कापडी फुलांची भिंत, दिव्यांच्या माळा. दिसायला सुरेख. तिथल्या वहिनी म्हणाल्या, दोघंही नोकरीला, सुट्टी एक दिवसाची. तेरड्याला रोज कोण पाणी बघणार? त्यांचं खरं आहे, आणि त्यांच्या भक्तीत काही उणं आहे असं मी म्हणणार नाही. तरी त्या दोन खोल्यांत उभं राहून पाहिल्यावर माझा कौल तेरड्याकडे आहे. एका खोलीत गौर तीन दिवस तशीच होती. दुसरीत ती रोज वेगळी होती. दुसऱ्या सकाळी कळशीतलं पाणी दोन बोटं खाली गेलेलं. ती रात्रभर प्यायली होती. आजींनी झारीने हळूच पाणी ओतलं आणि पुन्हा एकदा, साडीची कड बाजूला करून, एका पेरावर अंगठा ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा गेले. पाटाखाली गुलाबी पाकळ्यांचा सडा होता, आतल्या फुलांचा. बाहेरच्या कळ्या उमलल्या होत्या. खिडकीकडची विरळ बाजू भरली होती. उजवीकडची एक काडी कलली होती, बाकी गौर उभी. लेकी आल्या, दोरे घेतले, ओट्या भरल्या. मग कळशी उचलली गेली. तेरडा समुद्रावरच्या निर्माल्य कलशात गेला, तिथून त्याचं खत होईल.

गौरीच्या सणाची तारीख दर वर्षी सरकते, आणि तेरड्याच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचं आहे. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, आवाहन २१ सप्टेंबरला गेलं. मावशीला ते वर्ष नीट आठवतं: तेरडा म्हातारा झालेला, कळ्या संपलेल्या, शेंगा टरारलेल्या. हात लागला की शेंगा फुटून बी उडत होतं. आजींच्या घरी नातवंडं गौरीच्या शेंगा फोडत बसली होती आणि त्यांना कुणी रागावलंही नाही. त्या वर्षी कळ्यांचं गणित जमलं नाही. आजींनी कुर्डू दुप्पट घातला. २०२५ मध्ये आवाहन ३१ ऑगस्टला होतं, तेरडा भरात. कळ्याच कळ्या. पण लवकरच्या वर्षी दुसरी अडचण असते. बी धरण्याआधीच रोप उपटलं जातं. म्हणून अशा वर्षी मावशी ताटव्यामागे एक-दोन न सोडता चार-पाच सोडते.

तेरडा दुर्मीळ नाही, तो संपत चालला आहे अशी हाकाटी मी करणार नाही. पण मावशीची वाट दर वर्षी लांबते आहे, हे तिने सांगितलं आणि मी पाहिलंही. वाडीजवळच्या उताराला कुंपण पडलं आहे, प्लॉटचे दगड लागले आहेत. भाताच्या बांधांवर आता खुरपणीऐवजी तणनाशक मारतात. तिथे तेरडा येत नाही, आघाडाही नाही. उन्हात वाढलेला, आखूड पेरांचा, तीन दिवस टिकणारा तेरडा नेमका याच बांधांवरचा. सावलीतला लांबट तेरडा पुष्कळ उरेल. तो बाजारात येईलही, पाण्याच्या हबक्यांवर दोन तास उभा राहील, आणि लोक म्हणतील, तेरडा आता पूर्वीसारखा राहिला नाही.

मावशीची मुलगी दादरला येत नाही. ती कर्जतला दुकानात कामाला आहे, महिन्याचा ठरलेला पगार आहे, आणि मावशीला त्याचा आनंद आहे. आजींच्या सुनेला गौर बांधता येते, पण कळ्या बाहेर ठेवायचं धाडस तिला अजून होत नाही, असं ती स्वतःच म्हणाली.

येत्या भाद्रपदात तेरडा विकत घ्यायचा असेल तर आवाहनाच्या पहाटे घ्या. मुळं असलेली, न उघडलेली जुडी मागा. कळ्या बघा, फुलं नको. घरी आणल्यावर दोन तास अंधारात पाणी पिऊ द्या, पाण्याखाली कापा, बुडणारी पानं काढा, केळी लांब ठेवा. आणि जुडीचा भाव तिसाचा वीस करू नका. शंभरातल्या वीस जुड्या विकणारीच्या अंगावर आधीच पडलेल्या असतात.